संमतीपत्र, पान दुसरं

मी फक्त वाचून दाखवते.
सुई डॉक्टरांची, सही पेशंटची,
मधली चार मिनिटं तेवढी माझी.
जळगाव, रिंग रोड, दुसरा मजला. बाहेर चव्वेचाळीस.
समोर शैलजा फेगडे, सावद्याच्या, वय बावन्न,
पर्स मांडीवर उभी धरून.

सूज येऊ शकते.
"येऊ द्या."
टोचल्या जागी काळंनिळं पडू शकतं.
"केळीला बोट लागलं की दुसऱ्या दिवशी दिसतं, तसं?"
तसंच. आठ-दहा दिवसांत जातं.
"आमच्याकडे जात नाही, भाव उतरतो."
त्या हसतात, आणि नाकापासून ओठापर्यंतच्या
ज्या दोन रेघांसाठी इतक्या लांब आल्यात
त्या आणखी खोल होतात.

गाठ राहू शकते. एक गाल जास्त भरू शकतो.
ओठावर पूर्वी तापाचे फोड आले असतील
तर ते पुन्हा येऊ शकतात.
क्वचित
(इथं माझा आवाज आपोआप खाली येतो)
औषध रक्तवाहिनीत शिरून कातडी मरते.
फार क्वचित, नजर जाते.

"क्वचित म्हणजे किती?"
फॉर्मवर आकडा नाही.
सहा वर्षांत एकदा पांढरा पडलेला ओठ पाहिलाय मी.
डॉक्टर डबा उघडा टाकून धावले होते,
विरघळवायची सुई, गरम फडकी,
संध्याकाळी कुठं रंग परत आला.
हे छापलेलं नाही.
मी सांगून टाकलं. नको होतं बहुतेक.

दोन दिवस ऊन नाही, आच नाही,
उपडं झोपणं नाही, गाल दाबणं नाही.
"मे महिन्यात ऊन नाही? काय सांगते व माय!
उद्या उडदाचे पापड आहेत, आठ बाया यायच्यात."
लाटा. तळू नका.

घरात लग्न आहे का, मी विचारते.
"नाही. नातू तिकडे कॅनडात. फोनवर तो दिसतो मोठा,
आणि कोपऱ्यात एवढीशी मी.
बाळाकडे बघायचं सोडून
मी त्या बाईकडेच बघत बसते.
सारखी रुसलेली असते ती."
मग सही. फेगडेमधल्या ग-ची काठी
चौकटीबाहेर गेली.

तिसऱ्या दिवशी फोन.
"डावीकडे जड वाटतंय. लेक म्हणाली, आई, दाढ दुखते का?"
आणि कोपऱ्यातली बाई?
"तिच्याकडे पाहिलंच नाही अजून."
दुखतंय? पांढरं पडलंय कुठं? जाळीजाळी, निळसर?
"आरशात नीट कळत नाही. चष्मा लावला की सूजच दिसते."
मग वरचा ओठ बोटानं दाबा, सोडा,
लाल व्हायला किती लागतं ते मोजा.
"दाबू नका म्हटलं होतं ना तुम्ही?"
आता दाबा.

मागं लाटण्यांचा आवाज थांबतो.
कुणीतरी म्हणतं, गप ऱ्हा गं, मोजतेय ती.
मी रिसीव्हर कानाला घट्ट धरते.
एक, म्हणतात त्या.