दोन ओळी मोकळ्या सोडा

सालमियातल्या आमच्या शाळेत एप्रिलमध्ये पुस्तकं येतात,
आणि पुस्तकांच्या आधी यादी.
पान एकशे बारा, खालून सात ओळी.
सुपरवायझर जोव्हिता मिस जाडे मार्कर मोजून देतात,
म्हणतात, पट्टी लावून मारा, रेघ वाकडी नको.

स्टाफरूममध्ये आम्ही सहाजणी
शेंगा सोलायला बसावं तशा बसतो.
त्या ओळींत एक कोर्ट होतं, दिल्लीतलं,
सप्टेंबरमधली सकाळ होती,
बाहेर एकमेकांना मिठी मारून रडणारी माणसं होती.
मला ठाऊक आहे, कारण पहिल्या प्रतीवर
मार्कर टेकवायच्या आधी मी वाचलं.
दुसऱ्या प्रतीवरही वाचलं.
चाळिसाव्या प्रतीपर्यंत पाठ झालं होतं.
खोडायला बसवलेल्या बाईइतकं पाठांतर
वर्गात कुणाचंच होत नाही.

शाई मागच्या बाजूला उतरते.
पान एकशे अकरावर घटना समितीच्या फोटोत
दोघातिघांचे चेहरे गेले.
त्याबद्दल कुणी काही म्हटलं नाही.

मिरजेचा माझा मामा सतारीचे भोपळे कोरायचा.
वीस वर्षं एका खोलीत तो आणि अंतूकाका,
एक स्टोव्ह, दोन पितळी डबे.
घरच्यांनी वंशावळ छापली तेव्हा
मामाच्या नावापुढे आलं: अविवाहित.
अंतूकाकांच्या पुढे काही नाही,
कारण अंतूकाकाच नाहीत.
मामाच्या तेराव्याला ते पंगतीत शेवटी बसले होते,
शेजाऱ्यापाजाऱ्यांत.
मी वाढत होते.
त्यांच्या पानात लाडू ठेवला आणि पुढे सरकले.

दहावी ब. एसीची घरघर.
खिडकीपाशी बसणारा एल्डो पान उन्हात धरतो.
इथलं ऊन कुठलीच यादी मानत नाही,
काळ्याच्या आतून जास्त काळी अक्षरं वर येतात.
'मिस, इथे काय होतं?'

माझा व्हिसा शाळेच्या नावावर आहे,
नवऱ्याचा माझ्या,
आणि लेकाची फी अर्धी माफ.
हे सगळं त्या एका श्वासात मोजून झालं.

म्हटलं, पुस्तक खाली ठेव. वह्या काढा.
लिहा, इतिहासाची साधनं:
जे उरलं ते.
आणि जे खोडलं त्याची जागा.
खोडायला शाई लागते, माणूस बसवावा लागतो,
रिकाम्या कागदावर एवढा खर्च कुणी करत नाही.
परीक्षेला येणार नाही.
आता दोन ओळी मोकळ्या सोडा.
'कशासाठी, मिस?'
सोडा म्हटलं ना.

गुरुवारी रात्री ओट्यावर अडतीस वह्या.
एकीनं त्या जागेत फुलं काढलीत.
सुनिधीनं विचारलंय, सांगायचं विसरलात का?
बऱ्याच जणांनी सोडल्याच नाहीत.
आणि एका वहीत, नाव सांगणार नाही,
दोन्ही ओळी लिहून खोडलेल्या,
खोडरबरानं कागदावर लव उठलेली.
वाचू नये असं वाटलं.
तरी दिवा तिरपा धरला, बोट फिरवलं.
हाताला एवढंच लागलं:
शेवटचा पूर्णविराम,
पेन्सिल मोडेल इतका दाबून दिलेला.
समासात बरोबरची खूण केली. तारीख घातली.

मग लक्षात आलं,
अंतूकाकांचं आडनाव मला माहीत नाही.

शुक्रवारी आईला फोन केला.
आधी म्हणाली, कशाला आता ते.
मग फोन तसाच ठेवून आत गेली,
भांडी सरकवल्याचा आवाज आला,
आणि परत येऊन तिनं
डब्यावर घातलेलं नाव
एकेक अक्षर लावत वाचून दाखवलं, चष्म्याशिवाय.

त्यात ती रवा ठेवते.