अकरा शुक्रवार

पाचशे वीस आठवडे लागतात पेन्शनला.
डीलिया मुल्डूनचे भरतात पाचशे नऊ.
किलीबेग्जचा मासळीचा कारखाना कधीच बंद पडला,
मालक वारला, हजेरीबुकं
कुणी शेकोटीत घातली म्हणे.

स्लायगोच्या कचेरीत, ओला कोट न काढताच,
ती पिशवीतून काढते
क्रेडिट युनियनचं पासबुक, चौऱ्याहत्तर सालचं:
दर शुक्रवारी पन्नास पेन्स.
मी बोट ठेवून मोजतो. दहा.
मध्ये एक शुक्रवार कोरा.

"त्या आठवड्यात कामावर नव्हतात?"
"होते की. बूट घेतले.
लाल."

आमच्या कुठल्याच नियमात
ते बूट बसत नव्हते.
बाहेर तिची बस लागलेली.
मी अकरा लिहिलं,
आणि कारणाच्या रकान्यापाशी
बराच वेळ पेन उघडं धरून बसलो.