साडेतेवीस

कुरखेड्याचा सर्जन सुट्टीवर.
गडचिरोलीत सर्जन होता, खाट नव्हती.
"मेडिकललाच न्या."
पहाटे चारला नागपूर लागलं.

तेवीस अन् चोवीसच्या मधात
गादी सरकवत रामटेके सिस्टर बोलल्या,
"हा तुमचा साडेतेवीस."
केसपेपरवरही तसंच.

बाबाचं सलाईन तेवीसच्याच स्टँडवर,
दोन बाटल्या एका खुंटीला.
तेवीसवाले बिसेनकाका, आमगावचे,
रात्री हात खाली सोडून विचारायचे,
"झोपले का, मडावी?"

शुक्रवारी चहा घेऊन आलो तं
बाबा वर. नवी चादर.
काठ धरून खाली बघत.
"काका घरी गेले?"
सिस्टरनं 'साडे' खोडलं.

त्या रात्री बाबाचा हात खाली आला.
गादीवर कोणी तरी होतं,
सिरोंच्याहून आलेलं.
नाव माहीत नव्हतं अजून,
म्हणून नुसतंच,
"झोपले का?"