अडुसष्ट सेंटीमीटर

विल्यांदीत जानेवारीत साडेतीनला अंधार पडतो,
म्हणून ती तीनलाच आली
बुटांचा बर्फ दारात झटकून.
हेल्वे पिल्विस्ते, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते.
पर्समधून काढून काउंटरवर ठेवला
लाल लोकरीचा धागा, एका टोकापाशी गाठ.
"नाकापासून गाठीपर्यंत," म्हणाली, "माझी स्वरलिपी."
मी पट्टी लावली. अडुसष्ट.

सव्वीस वर्षं मी विचारतोय या खुर्चीपुढे उभा राहून,
हे बरं की ते? आता? आणि आता?
लोक तोंडी परीक्षेला बसल्यासारखे
बरोबर उत्तर माझ्याच चेहऱ्यावर शोधतात.
अंतर घरून मोजून आणणारं
हे पहिलंच गिऱ्हाईक.

चाळिशी लागली तेव्हा तिने
औषधांच्या दुकानातला तयार चष्मा उचलला होता, चार युरोंचा.
तो हातात पुस्तक धरणाऱ्यांसाठी.
ऑर्गनवरची पानं मांडीवर नसतात,
रस्त्यापलीकडेही नसतात,
मधल्या त्या पट्ट्यात असतात
जिथलं काहीच तयार मिळत नाही.

मी काचा बदलत गेलो.
पाव नंबर वर, पाव खाली.
एका काचेशी तिची बोटं
खुर्चीच्या हातावर आपोआप हलायला लागली
आणि मी विचारायचं थांबलो.

"पण आरसा राहिला," ती म्हणाली.
पानांच्या वर एक आरसा आहे, ट्रकचा,
तिच्या भावाने ठोकून दिलेला.
त्यात वेदी दिसते. पाळकाचा हात वर गेला
की हिने सुरू करायचं.
"तो किती लांब?"
"दोन हात. त्याला धागा लावलाच नाही."
"आरसा दोन हातांवर असेल, बाई,
पण पाळक आरशात राहत नाही.
डोळ्याला सगळं अंतर चालावं लागतं,
आरशापर्यंत,
आणि तिथून उलटं तुमच्या पाठीमागे, वेदीपर्यंत."
ती जरा गप्प बसली.
"म्हणजे मागचं बघायला
लांबची काच लागते."
हो, म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग मी माझं नेहमीचं सुरू केलं:
प्रोग्रेसिव्ह घ्या, जवळ-मध्ये-लांब एकाच काचेत,
कुणाला कळतही नाही कुठे काय बदलतं.
कडांना थोडं पोहल्यासारखं होतं, आठवडाभरात सवय होते.
ती ऐकत होती, एखाद्याने चुकीचा सूर लावावा
आणि आपण सभ्यपणे वाट पाहावी तशी.
"ती जुनी मिळते का, रेघ असलेली?"
"बायफोकल? हल्ली कुणी घेत नाही. वय दिसतं."
"दिसू दे.
जवळचं कुठे संपतं
ते मला कळायला हवं."

खाली अडुसष्ट, वर वेदी. मध्ये रेघ.
दिव्याची तिरीप पानावर पडते
म्हणून चकाकी मारणारा थर. फ्रेम जुनीच.

दोन आठवड्यांनी आली, चष्मा चढवला,
आणि पहिल्यांदा काय वाचलं तर माझं बिल.
थराचे पैसे मी दोनदा लावले होते.
मी कान खाजवला. ती हसली नाही,
पैसे परत मोजून घेतले. धागा मात्र
काउंटरवरच विसरली.

मी चर्चमध्ये जाणारा माणूस नाही.
पण धागा परत द्यायचा होता, आणि रविवार होता.
शेवटच्या बाकावर बसलो, खांबाआड.
वर, ऑर्गनच्या सज्जात,
आरशाचा वाटाण्याएवढा तुकडा चमकत होता.
तिने मान किंचित उचलली,
रेघेच्या वर.

एक सूर चुकला.
बाकीच्यांना कळलंसुद्धा नसेल.
मी खिशातली लोकर बोटाला गुंडाळत राहिलो,
गाठ येईपर्यंत.