लूज न्यूट्रल

शुक्रवारी माग बंद, म्हणून नऊ ते बाराचा शो.
मी आणि इरण्णा. बाल्कनी हल्ली परवडते,
कारण बाल्कनीतले पंखे फिरत नाहीत.

पडद्यावर बंगला. बल्ब फडफडतो.
पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांचे हात धरतात
आणि इरण्णा मोठ्यानं सांगतो,
‘न्यूट्रल लूज आहे बे, दुसरं काय नाही.
एक पक्कड द्या, आत्ता घालवतो भूत.’

वीस वर्षं वायरमनकी केलेला माणूस.
भुताचं त्याला वावडं नाही, फक्त हिशेब लागायला पाहिजे.
बाई एकटी तळघरात का उतरते?
उतरते तर उतरते, बटण का दाबत नाही?
रात्री नळ ठिबकला म्हणून किंचाळते!
आमच्याकडं पाचव्या दिवशी, रात्री दोनला
नळ नुसता घुरघुरला
की अख्खी गल्ली घागरी घेऊन
देव भेटल्यागत धावते.
आणि ही शांतता कुठली आणली यांनी?
माग बंद असले तरी आमच्यात
कुणीतरी खोकत असतंच.

इंटरवलला तळहातावर तंबाखू मळत म्हणाला,
‘भूत खोटं असू दे की. घर खरं पाहिजे.
एवढ्या मोठ्या बंगल्यात भांडी कोण घासतं, सांग.
लाइट बिल कुणाच्या नावावर येतं?’

नंतर एक जागा आली.
आई झोपलेली पोरं मोजते. चार.
दिवा मालवते, थांबते, परत मोजते. पाच.
संगीत नाही. दार करकरत नाही.
पंखा नेहमीसारखा फिरतोय, एक पोर कूस बदलतं.
इरण्णाचा अंगठा तंबाखूवर तसाच राहिला.

सुटल्यावर रस्ता अजून तव्यासारखा.
लूना ढकलत तो काही बोलला नाही.
अशोक चौकात वळता वळता म्हणाला,
‘मोजायचं तेवढं जमलंय बे त्यांना.’

घरी सगळे गच्चीवर.
डास चावतात म्हणून डोक्यावरून चादरी,
कारखान्यातून आणलेला डागी माल:
कुठे काठ वाकडा, कुठे रंग उतरलेला,
एकीवर पंच-कार्ड चुकलं तेव्हाचा मोर, त्याला मानच नाही.
ती चादर कुणी घेत नाही.
आम्ही घरात सहा, मला धरून.
म्हणजे गच्चीवर पाच पाहिजेत.
मी सहा मोजले.

पाण्याच्या टाकीकडून परत मोजत आलो.
राजव्वा, तिच्या हाताला तेंदूच्या पानांचा वास.
दोन पोरी. बाप. आईच्या पायाशी पाणी प्यायचा तांब्या.
आणि कडेला, बिनमानेचा मोर पांघरून,
एक.

जिन्यात चपला होत्या.
डावीचा अंगठा सुतळीनं बांधलेला, आमच्या लक्ष्मीपतीची सवय.
तीन वर्षांपूर्वी भिवंडीला गेलेला.
अकरा महिने फोन बंद.

इरण्णा असता तर विचारलं असतं:
पिशवी कुठाय? कुठल्या गाडीनं आला?
दार कुणी उघडलं? ताट का वाढलं नाही?
ज्यानं उघडलं त्यानं कुणाला उठवलं कसं नाही?
पटत नाही, म्हणाला असता. कथेत दम नाही.

दोनला नळ घुरघुरला.
सगळे उठले, तोही उठला,
चादरीची घडी घातली, काठाला काठ लावून,
आणि न विचारता पोचा आलेली घागर उचलली.
ती घागर नेहमी त्याचीच.
आईनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, ‘आधी पिंप भर.’
जिन्यातला बल्ब फडफडत होता.
मी मोबाइलची बॅटरी लावली
आणि खाली उतरताना त्याचे पाय पाहिले.

सरळ होते.
टाचांना भेगा, एका बोटाला चिंधी.

रांगेत उभा राहिल्यावर
परत एकदा पाहिले.