शेरा

वार्षिक अहवालात माझ्या नावापुढे:
कामात चोख, हिशेबात चोख,
आणि हॅलोरनसाहेबाच्या तिरक्या अक्षरात
शेवटचा एक शब्द, सेन्टेन्शस.

सोहारच्या गोदामात मला बारा वर्षं झाली.
बोल्ट, गॅस्केट, हातमोजे मोजून देतो
आणि मेसच्या दाराशी पांढऱ्या फळ्यावर
पहाटे साडेचारला एक सुविचार,
हिंदीत, सगळ्यांना कळावा म्हणून.
साहेबाच्या ईमेलखाली तोच इंग्रजीत.
शाळेतही फळ्याचा मान माझ्याकडेच असायचा.
वाटलं, शब्द कौतुकाचा असणार.

रात्री खाटेवर मोबाईल छातीशी धरून शोधला.
कधीकाळी म्हणे अर्थ होता: आशयानं भरलेला,
थोडक्यात पुष्कळ सांगणारा.
पुढे घसरत गेला, आपल्या 'शहाण्या'सारखा.
'ये शहाण्या' म्हटल्यावर कोण खूश होतं?
आता अर्थ: उठल्यासुटल्या उपदेश पाजणारा.
त्याच घरातून इंग्रजीत वाक्य आलं
आणि कोर्टातली शिक्षाही.
आपल्याकडे तरी काय,
शिक्षा म्हणजे आधी शिकवणंच होतं.

सगळ्यांच्या तळाशी लॅटिनचं एक क्रियापद: वाटणे.
मला आधी दुसरंच वाटणं आठवलं,
ओंजळीओंजळीनं चुरमुरे वाटतात ते.
मी तेच करत आलो की.

मग जुलै आठवला.
खोली नऊचा कूलर बंद, तिसरा दिवस.
शफीकुल परांचीवरून बसत बसत खाली उतरला,
ओठ पिठासारखे.
त्या दिवशी फळ्यावर, माझ्याच वळणदार अक्षरात,
'सब्र ही प्यासे का पानी है।'
त्याला वाचता येत नव्हतं,
खिमबहादूरनं वाचून दाखवलं.
तो हसला, असं मी धरून चाललो.
कूलरच्या मोटरचा अर्ज माझ्याच खणात होता,
साहेबाकडे सही मागायला
जीभ उचलत नव्हती.

आज फळा पुसला.
कोपऱ्यातली जुनी शाई निघेना,
थिनर लावून खरवडली.
लिहिलं:
खोली नऊ. कूलर पुन्हा बंद. रविवारपासून.
खाली तेच इंग्रजीत.
मग तारीख,
आणि बारा वर्षांत पहिल्यांदा
माझी सही.