भट्टी कुठली

उद्यमनगरात लेथच्या दुकानावर आमची खोली.
खाली लोखंडाचा कीस, वर मी, दोन स्क्रीन,
आणि गाळप सुरू व्हायला उरलेले नऊ दिवस.

कारखान्याच्या काट्यावर एका रात्रीत
दोन हजार ट्रॅक्टर आले तर सर्व्हर तग धरेल का,
एवढंच बघायचं होतं.
ट्रॅक्टर खोटे, टोकनं खोटी.
त्यांना रांगेत लावणारं एक्स्टेन्शन मात्र माझं,
जावात, स्वतःच्या हातानं लिहिलेलं.

पहिल्या दिवशी म्हणालं, क्लास सापडत नाही.
जार उचलून नीट जागी ठेवली.
दुसऱ्या दिवशी म्हणालं, सापडला,
पण हे टोकन टोकन नाही.

ती ओळ मी मोठ्यानं वाचली.
टोकनचं टोकनमध्ये कास्टिंग होत नाही.
नाव तेच, पॅकेज तेच, काना-मात्रा तीच,
आणि दोघं भाऊबंदकी असल्यागत
एकमेकांकडं बघायला तयार नाहीत.

रात्री जिन्यात बाबालाल शिकलगार.
‘त्वांड का उतरलंय?’
सांगितलं, जमेल तसं.
ते काही बोलले नाहीत. ड्रॉवरमधनं दोन बुश काढले.
दोन्हीवर ठोकलेला नंबर एकच.
‘ह्यो शिरोलीचा, ह्यो गोकुळ शिरगावचा.
बसव बघू एकाच्या जागी दुसरा.’
केसभर अडला.
‘नंबर काय वाचत बसलीयास?
भट्टी कुठली, ते विचार की.’

वर येऊन विचारलं.
एकेका क्लासला: तुला आत कुणी आणलं?
दोन नावं छापून आली. दोन लोडर.

पोरानं आधी बापाला विचारायचं,
त्याच्याकडं नसेल तरच आपलं काढायचं,
हा जावाचा रिवाज.
माझा लोडर तेवढा रिवाज मोडणारा,
बापाला न विचारता
आपल्याच पिशवीतलं टोकन काढणारा.
आणि तो तसा लिहिला होता कुणी?
मीच. मार्चमध्ये. फार हुशारीनं.

पिशवीतलं टोकन काढून टाकलं.
सामाईक ते एकाच भट्टीचं.
एवढीशी दुरुस्ती, सहा दिवसांची.

पावणेतीनला ट्रॅक्टर सुटले.
शंभर, चारशे, नऊशे,
एकही खरा हॉर्न नाही, धूळ नाही.
अकराशे चाळीसाव्याला सर्व्हर आडवा झाला.

मी खुर्चीत मागं रेलून हसले.
हा दोष खरा होता,
आणि माझा नव्हता.

सकाळी बुश परत द्यायला गेले.
‘र्‍हाऊ दे तुझ्याकडंच,’ मामा म्हणाले,
‘कागदं उडत्यात तुझी.’